दाद न देणारे: बळ्ळारी रोडवरचा प्रतिजैविकांचा इतिहास

मराठी वर्तमानपत्रांत बऱ्याच वर्षांपासून एक शब्दप्रयोग रुळला आहे: 'औषधांना दाद न देणारा क्षयरोग'. इंग्रजीतल्या 'रेझिस्टंट' या शब्दाला पारिभाषिक मराठीत 'प्रतिरोधक' म्हणतात. तो शब्द बाजूला ठेवून 'दाद न देणारा' हा घरगुती प्रयोग कुणी पहिल्यांदा वापरला हे सांगता येणार नाही, पण भाषांतराच्या दृष्टीने तो जास्त चोख आहे. 'प्रतिरोधक' म्हटले की कानाला रोगप्रतिकारशक्तीचा भास होतो, आणि औषधाची सवय रोग्याच्या शरीराला झाली असावी असे वाटते. हा गैरसमज मराठीपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारतासह १२ देशांत पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के लोकांनी हेच सांगितले होते, की प्रतिजैविक घेऊन घेऊन शरीर त्याला सरावते. सरावतो तो जीवाणू. शरीर बिचारे होते तसेच राहते. म्हणूनच उभ्या आयुष्यात प्रतिजैविकाची एक गोळीही न घेतलेल्या माणसाला अशा जीवाणूची लागण होऊ शकते. 'दाद न देणारा' म्हटले की हा घोटाळा होत नाही, कारण दाद न देणारा कोण हे वाक्यातच ठरून जाते.

'दाद' हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ न्याय. मराठीत येऊन त्याला फाटे फुटले. मैफलीत आपण दाद देतो, कचेरीत दाद मागतो, आणि कितीही सांगितले तरी न ऐकणाऱ्याबद्दल 'तो कुणाला दाद देत नाही' असे म्हणतो. प्रतिजैविकांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास वाचताना हे तिन्ही अर्थ हाताशी लागतात. जीवाणू औषधाला दाद देत नाहीत, ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकात शिरली आहे. नवे औषध शोधणाऱ्याला बाजार दाद देत नाही, ही गोष्ट त्यामानाने कमी जणांना ठाऊक असते. आणि औषध अस्तित्वात असूनही ज्याच्यापर्यंत ते पोचत नाही त्या रोग्याने दाद मागायची कुणाकडे, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात बहुधा तळटीपेतच येतो.

हा इतिहास बेंगळुरूत एका रस्त्याच्या कडेने वाचत जाता येतो. बळ्ळारी रोड शहराच्या मधल्या भागातून निघून उत्तरेला हेब्बाळवरून विमानतळाकडे जातो. त्याच्यावर तीन पत्ते आहेत: राष्ट्रीय क्षयरोग संस्था, हेब्बाळची अ‍ॅस्ट्राझेनेकाची जागा, आणि त्यापुढे जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारातली जीवशास्त्राची केंद्रे. या तीन पत्त्यांवर तीन वेगवेगळ्या काळांनी एकच प्रश्न आपापल्या परीने सोडवायचा प्रयत्न केला. मात्र पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर जाताना वाट वाकडी करून पिंपरीला जाऊन यावे लागते.

*

पहिला पत्ता अ‍ॅव्हलॉन नावाच्या जुन्या बंगल्याचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि १९६० च्या सप्टेंबरात पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तोवर क्षयावर उपचार म्हणजे आरोग्यधाम, मोकळी हवा, अंडी-दूध आणि वाट पाहणे, अशीच समजूत होती. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीने ती मोडली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या घरीच, बहुतेकदा दाटीवाटीच्या वस्तीत, तीच औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झालेले दिसले. औषध काम करत होते. खाटेची गरज नव्हती.

पण औषध एकट्याने काम करत नाही, हेही तोवर कळून चुकले होते. सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली अल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्या एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूला मारणारे ते पहिले प्रतिजैविक. ब्रिटनमध्ये त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि १९४८ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांत रोगी थक्क करण्याइतके सुधारले, आणि नंतर त्यांतले बरेच पुन्हा ढासळले. त्यांच्या थुंकीतले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. यावर उपाय निघाला तो दोन-तीन औषधे एकत्र देण्याचा. एका औषधातून वाचलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडावा, असा त्यामागचा हिशेब. क्षयावरचे उपचार आजही याच हिशेबावर चालतात, आणि तो अर्धवट पाळला की मोडतो. औषधे मधेच सुटली, त्यातले एखादे दुकानात मिळालेच नाही, किंवा डॉक्टरने एकच लिहून दिले, की वाचलेल्या जंतूंचे बी उरते.

तेव्हा बेंगळुरूच्या संस्थेपुढचा खरा प्रश्न होता तो रोग्याला औषधापर्यंत आणून तिथे टिकवण्याचा. संस्थेतले समाजशास्त्राचे अभ्यासक देबबर बॅनर्जी आणि डॅनिश तज्ज्ञ स्टिग आंडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत केलेली पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. खेडूत अडाणी असतो, त्याला रोगाची जाणीव नसते, असे गृहीत धरणाऱ्यांना ती चपराक होती. ज्यांच्या फुप्फुसात क्षय होता त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे हे कळत होते, आणि निम्म्याहून अधिक जण एखाद्या दवाखान्यात आधीच जाऊन आलेले होते. तिथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले गेले होते. ही माणसे दाद मागायला आपण होऊन आली होती. १९६२ साली आखलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात, क्षयाची तपासणी सामान्य दवाखान्यांतच व्हावी, असे जे सूत्र ठेवले गेले त्याच्यामागे हेच निरीक्षण होते.

*

दवाखान्यात आलेल्या या माणसाला द्यायचे औषध यायचे कुठून? स्वातंत्र्याच्या वेळी पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसिन परदेशातून येत होते. त्याचे उत्तर पुण्याजवळ पिंपरीला उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ याच दोन संस्थांच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी तिचे नाव केव्हाच 'एच.ए.' करून टाकले. एच.ए. कॉलनी, एच.ए. शाळा, एच.ए.चे मैदान: एका पिढीसाठी ते प्रतिजैविकाच्या कारखान्यापेक्षा गावाचेच नाव होते.

या कारखान्याला स्वतःची संशोधन प्रयोगशाळा होती, आणि ती नुसती परदेशी कृतीची नक्कल करत बसलेली नव्हती. तिचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार हे म्हैसूरकडचे कवकशास्त्रज्ञ. त्यांची पद्धत वाक्समन यांचीच होती: माती गोळा करायची, तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवायचे, आणि त्यांतला कोणता दुसऱ्याला मारतो ते पाहायचे. मातीतले जीव एकमेकांशी लढताना जी रसायने सोडतात, त्यांतूनच बहुतेक जुनी प्रतिजैविके आली आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन नावाचे नवे द्रव्य जाहीर केले. ते बुरशीवर चालणारे होते. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे नाव त्यांनी ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यानंतर पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिनही तिथूनच आले.

प्रतिजैविकांच्या नावांत असे पत्ते दडलेले असतात. निस्टॅटिन हे न्यूयॉर्क स्टेट या शब्दांतून झाले, कारण ते तिथल्या राज्य आरोग्य खात्याच्या दोन संशोधक स्त्रियांनी शोधले. हॅमायसिन या नावात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे आहेत, आणि त्याच्या जन्मदात्या सूक्ष्मजीवाच्या लॅटिन नावात पिंपरी आहे. जगातल्या शास्त्रीय नामावलीत मराठी मुलखातल्या गावाला असा मान क्वचितच मिळाला असेल.

मात्र नाव टिकले आणि कारखाना खचत गेला. हॅमायसिन काही काळ वापरात आले, पण जगाच्या बाजारात जागा मिळवण्यासाठी लागणारी मोठ्या प्रमाणावरची चाचणी, सुधारणा आणि विक्री यांची ताकद पिंपरीकडे नव्हती. १९९० च्या दशकात आयातीवरची बंधने सैल झाली आणि चीनमधून आलेल्या स्वस्त पेनिसिलीनपुढे देशातले पेनिसिलीनचे कारखाने एकेक करून बंद पडत गेले. एच.ए. आजारी उद्योगांच्या यादीत गेली. कामगारांचे पगार थकल्याच्या बातम्या पुण्याच्या वर्तमानपत्रांत नेहमीच्या झाल्या. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जादा जमीन विकून देणी फेडायचे आणि कंपनीतला सरकारी हिस्साही विकायचे ठरवले. ज्या मातीतून औषध निघाले होते ती माती अखेरीस चौरस फुटांच्या भावाने मोजली जाऊ लागली. पेनिसिलीनसारखे मूळ द्रव्य देशात पुन्हा तयार व्हावे म्हणून सरकारला २०२० साली प्रोत्साहन योजना जाहीर करावी लागली, हा त्याच गोष्टीचा पुढचा भाग.

*

पिंपरीची धग कमी होत होती त्याच काळात बेंगळुरूत वेगळ्या पद्धतीची सुरुवात झाली. स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रा कंपनीने १९८७ साली मल्लेश्वरममध्ये संशोधन केंद्र काढले. भारतीय विज्ञान संस्था तिथून हाकेच्या अंतरावर. अमेरिकेत जेनेनटेकसारख्या कंपनीत काम केलेले जानकीरामन रामचंद्रन या केंद्राचे प्रमुख झाले. परदेशी कंपनीने भारतात औषधे विकायची किंवा फार तर बनवायची, हा तोवरचा रिवाज होता. इथे मूलभूत संशोधन होणार होते, आणि तेही गरीब देशांत जास्त असलेल्या रोगांवर. अ‍ॅस्ट्राचे ब्रिटनच्या झेनेकाशी विलीनीकरण झाल्यावर २००३ साली बळ्ळारी रोडवर हेब्बाळला नवी इमारत उभी राहिली आणि तिथले संशोधन क्षयाला वाहिलेले असेल असे जाहीर झाले. राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्याच रस्त्यावर, तिच्या स्थापनेनंतर चौरेचाळीस वर्षांनी.

या काळात काम का अवघड झाले होते, हे थोडे समजून घ्यायला हवे. मातीतली सोपी प्रतिजैविके १९६० पर्यंत बहुतेक सापडून गेली होती. पुन्हा पुन्हा तीच हाती येऊ लागली. जनुकांचे वाचन शक्य झाल्यावर कंपन्यांना वाटले, की जीवाणूला जगायला लागणारे प्रथिन हेरायचे आणि लाखो रसायनांतून त्याला अडवणारे शोधून काढायचे, की झाले. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात अशा ७० मोहिमा काढल्या आणि त्यांतून पुढे नेण्याजोगे जेमतेम पाच धागे मिळाले. परीक्षानळीत प्रथिनाला अडवणारे रसायन जिवंत जीवाणूच्या आत शिरतच नव्हते. विशेषतः ग्रॅम-निगेटिव्ह म्हटल्या जाणाऱ्या जीवाणूंना दोन आवरणे असतात. पहिल्या आवरणातून चुकून आत शिरलेले द्रव्य बाहेर उपसून टाकणारे पंपही त्यांच्याकडे असतात. विहीर उपसावी तसे ते औषध उपसतात. शिवाय औषधाचा रेणूच मोडून टाकणारी एन्झाइम्स असतात, आणि ती बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते ते जनुक एक जीवाणू दुसऱ्याला, अगदी परक्या जातीच्या जीवाणूलाही, देऊन टाकतो.

या अडचणीतून वेगळी वाट काढण्याचा एक प्रयत्न रामचंद्रन यांनीच केला. अ‍ॅस्ट्रा सोडल्यावर २००० साली त्यांनी बेंगळुरूत गंगाजेन ही कंपनी काढली. नावातला संदर्भ जुना आहे. अर्नेस्ट हँकिन या ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञाने १८९६ साली लिहिले होते, की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, आणि तेच पाणी उकळले की ही शक्ती जाते. पुढे या गुणाचा संबंध फाज या जीवाणू खाणाऱ्या विषाणूंशी जोडला गेला. गंगाजेनने फाजपासून घडवलेल्या प्रथिनावर काम केले. लक्ष्य होते मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे इस्पितळांतल्या जखमांमध्ये घर करून बसणारा जीवाणू. हेब्बाळच्या केंद्रातही फळे धरू लागली होती. क्षयाच्या जंतूच्या भिंतीला लागणारे एक एन्झाइम अडवणारा अ‍ॅझइन्डोल गटातला रेणू तिथे घडला.

मग जानेवारी २०१४ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने हेब्बाळचे संशोधन बंद करत असल्याचे सांगितले. क्षय, मलेरिया आणि दुर्लक्षित रोगांवरच्या सुरुवातीच्या संशोधनातून कंपनी अंग काढून घेत होती. दीडशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. काम वाईट झाले होते असे कुणी म्हटले नाही. हिशेब बसत नव्हता, इतकेच.

*

हिशेब का बसत नाही? रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. त्यातही नवे, प्रभावी प्रतिजैविक डॉक्टरांनी वापरू नये, कपाटात राखून ठेवावे, दुसरे काहीच चालेनासे झाले तरच काढावे, हीच त्याची योग्य वापरणूक. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात बजावले होते, की कमी मात्रेत, निष्काळजीपणे पेनिसिलीन घेणारा माणूस दाद न देणारे जंतू तयार करील. म्हणजे माल जितका उत्तम तितका तो कमी खपावा, अशी ही वस्तू आहे. खपावर जगणाऱ्या कंपनीने ती बनवावी कशी?

कॅलिफोर्नियातल्या अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिन या औषधाला अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली. संशोधनाच्या भाषेत हे यश. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. औषधाचे हक्क लिलावात निघाले, आणि चीनच्या आसपासचा प्रदेश वगळता ते आपल्या मुंबईच्या सिप्लाने घेतले. औषध चांगले होते, पण त्याला दाद देणारा बाजार नव्हता.

गरज तर वाढतच होती. २००८ साली स्वीडनमध्ये एका रोग्याच्या नमुन्यात एक नवे एन्झाइम सापडले. तो रोगी त्याआधी नवी दिल्लीच्या इस्पितळात होता. शेवटचा उपाय म्हणून राखलेली कार्बापेनेम गटातली औषधे हे एन्झाइम मोडून टाकत होते. त्याला नाव मिळाले न्यू दिल्ली मेटालो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजेच एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात त्याचा भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधला प्रसार प्रसिद्ध झाला आणि इकडे गदारोळ उठला. वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा कट आहे, राजधानीचे नाव जंतूला कसे दिले, असे प्रश्न संसदेपर्यंत गेले. पुढच्या जानेवारीत 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी भारतात येऊन नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. वर्षभरात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी नोंदवले, तेव्हाही वाद मुख्यतः नावावर झाला. 'टोटली' हा शब्द वापरू नये, असे सरकारनेही म्हटले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही.

नावे भाषांतर करणाऱ्याला जिव्हाळ्याची वाटतात, म्हणून या वादांना क्षुल्लक म्हणवत नाही. पिंप्रिना या नावाचा अभिमान वाटायचा आणि न्यू दिल्ली या नावाची लाज, हे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. पण दोन्ही नावे एकाच इतिहासाची पाने आहेत. आपल्या मातीत औषध सापडले तेव्हा ते पुढे नेले गेले नाही, आणि आपल्या इस्पितळांत औषधाला न जुमानणारे जनुक पसरले तेव्हा चर्चा नावाची झाली. काही गोष्टी मात्र त्यातून घडल्या. ठरावीक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी, असा 'एच-१' हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू झाला. कोंबड्यांना वाढीसाठी कोलिस्टिन देण्यावर २०१९ साली बंदी आली.

*

हेब्बाळचे केंद्र बंद झाले त्याच वर्षी, बळ्ळारी रोडवर आणखी पुढे, जीकेव्हीकेच्या आवारातल्या सी-कॅम्प या सरकारी मदतीवरच्या केंद्रात बगवर्क्स नावाची छोटी कंपनी सुरू झाली. आनंद आनंदकुमार, व्ही. बालसुब्रमणियन आणि शांतनु दत्ता हे तिचे संस्थापक. यांतले शेवटचे दोघे अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या बेंगळुरू केंद्रातून आलेले. इमारत गेली तरी वीस-पंचवीस वर्षांत साठलेले हातातले ज्ञान शहरातच राहिले, हे त्या बंद पडण्यातले सुदैव. जीवाणूचा पंप औषध उपसून टाकतो, तर पंपाच्या हाती न लागणारा रेणू घडवायचा, हा त्यांचा मार्ग. त्यांचा रेणू जीवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या दोन एन्झाइम्सना एकाच वेळी पकडतो. एकातून जीवाणू निसटला तरी दुसरे उरते. क्षयावर अनेक औषधे एकत्र देण्यामागचा जुना हिशेब इथे एकाच रेणूत उतरवलेला दिसतो. २०१७ साली कार्ब-एक्स या आंतरराष्ट्रीय निधीने या कामाला पैसे दिले, आणि रेणू माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेला. हेब्बाळला घडलेला क्षयाचा रेणूही वाया गेला नाही. बेंगळुरूतल्याच दुर्लक्षित रोगांवर काम करणाऱ्या एका ना-नफा संस्थेच्या आणि परदेशी धर्मादाय निधीच्या आधाराने तो रोग्यांवरच्या चाचण्यांत पोचला.

मराठी मुलखातही काम चालू होते. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात वोक्हार्टची संशोधन शाखा आहे. मोठमोठ्या परदेशी कंपन्या प्रतिजैविके सोडून जात असताना ही कंपनी त्यातच राहिली. तिच्या लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनला २०२० साली भारतात मान्यता मिळाली. न्यूमोनियावरचे नॅफिथ्रोमायसिन हे तीन दिवसांत संपणारे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते जाहीर झाले. त्या वेळच्या सरकारी निवेदनानुसार त्याला १४ वर्षे आणि ५०० कोटी रुपये लागले. सरकारी मदतीचा वाटा होता ८ कोटींचा. चेन्नईच्या ऑर्किडने शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टमला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतात जन्मलेल्या प्रतिजैविकाच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आले. पण तिथवर ते युरोपातल्या दुसऱ्या कंपनीच्या हातून गेले.

या यादीचा आनंद मानावा, आणि तिच्याकडे थोडे थांबून पाहावेही. २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार माणसे थेट औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे गेली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ साली छापला. नवे औषध आले, की ते या माणसांपर्यंत पोचेल असे आपण धरून चालतो. बेडाक्विलिनची गोष्ट तसे सांगत नाही.

बेल्जियममध्ये शोधलेले बेडाक्विलिन हे क्षयावरचे चाळीसहून अधिक वर्षांतले पहिले नव्या धाटणीचे औषध. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली. भारतात ते सुरुवातीला मोजक्या सरकारी केंद्रांत, देणगी म्हणून आलेल्या मोजक्या मात्रांत मिळत होते. जपून वापरावे हा हेतू योग्यच होता. पण त्याचा अर्थ असा झाला, की अठरा वर्षांच्या एका मुलीला, ती त्या शहराची रहिवासी नाही म्हणून औषध नाकारले गेले आणि तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. २०१७ च्या जानेवारीत तिला औषध मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तोवर उशीर झाला होता. २०१८ साली ती गेली.

कपाटात राखून ठेवणे आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली दूर ठेवणे यांत किती थोडे अंतर असते, ते इथे दिसते. जॉन्सन अँड जॉन्सनने या औषधावरची मक्तेदारी आणखी चार वर्षे वाढावी म्हणून त्याच्या एका क्षारावर वेगळे पेटंट मागितले, तेव्हा त्याला हरकत घेणाऱ्यांत नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी होत्या. दोघींनी क्षयाशी लढा दिला होता, आणि जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेली होती. ज्या नव्या औषधाने इतरांचे कान वाचले असते, ते स्वस्त व्हावे म्हणून त्या पेटंट कार्यालयात दाद मागत होत्या. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच वर्षीच्या जुलैत संपले आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट खुली झाली.

*

बळ्ळारी रोडवर आणि पिंपरीत मिळून या प्रश्नाला तीन उत्तरे दिली गेली: सरकारी कारखाना, परदेशी कंपनीचे केंद्र, आणि अनुदानावर चालणारी छोटी कंपनी. विज्ञानात तिन्ही ठिकाणी कमीपणा नव्हता. तिन्ही ठिकाणी कमी पडली ती एकच गोष्ट: न वापरता राखून ठेवायच्या औषधाचे पैसे कुणी द्यायचे, याचे उत्तर. ब्रिटनने २०२२ साली एक उत्तर करून पाहायला सुरुवात केली. दोन प्रतिजैविकांसाठी तिथली सरकारी आरोग्यसेवा कंपनीला दर वर्षी प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम देते, मग औषध किती का वापरले जाईना. अग्निशामक दलाला आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही, तसेच हे. आपल्याकडे आठ कोटींची मदत देऊन औषध जाहीर करण्याचा समारंभ होतो. ते औषध पुढची वीस वर्षे राखून, तरीही गरजूला वेळेवर देण्याची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याच समारंभात सांगितले जात नाही. पिंपरीच्या प्रयोगशाळेला, हेब्बाळच्या दीडशे जणांना आणि आताच्या छोट्या कंपन्यांना लागणारा आधार शेवटी याच उत्तरातून यायचा आहे.

आणि ते उत्तर शोधताना रोग्याला बाहेर ठेवून चालणार नाही. तुमकूरच्या खेड्यांतली माणसे दवाखान्याच्या दारात आपणहून येऊन उभी राहिली होती, तसेच पन्नास-साठ वर्षांनी रोगी आणि त्यांचे आईबाप न्यायालयाच्या आणि पेटंट कार्यालयाच्या दारात उभे राहिले. जीवाणू दाद देत नाही, कारण तो त्याचा जगण्याचा मार्ग आहे. इतरांना ती सबब नाही.